नऊच्या आधी आलेले टायर

धुरपदाबाई : 'मावशी, मोबाईलवर चार आकडे आले असतील ते सांगा. आकडे सांगितल्याशिवाय पार्सल सोडता येत नाही.' असं म्हणाला तो. दारात उभा राहून.

ऋतिका : आणि तू काय केलंस, आत्या?

धुरपदाबाई : मी पाटावर होते, बाई.

ऋतिका : म्हणजे बोलली नाहीस.

धुरपदाबाई : नेम आहे ना.

ऋतिका : नेम मला नको सांगू. उठल्यापासून मौन. सूर्य वर आला की पोथी उघडायची, अध्याय संपवायचा, माळ ओढायची, आणि नऊ वाजेपर्यंत तोंडातून शब्द नाही. वीस वर्षं बघतेय मी. अगं, पण आकडे लिहून द्यायचे! बोटाने दाखवायचे!

धुरपदाबाई : मोबाईल दाखवला की त्याला. तो म्हणाला, 'मावशी, हा मेसेज लाईटबिलाचा आहे.' मग दुसरा दाखवला. तर म्हणाला, 'हा फसवणाऱ्यांचा आहे, याला हातसुद्धा लावू नका.' चांगला होता बिचारा.

ऋतिका : चांगला होता आणि माझे टायर घेऊन गेला.

धुरपदाबाई : थांबला होता थोडा. मग म्हणाला, अजून चाळीस घरं करायची आहेत.

ऋतिका : कधी झालं हे?

धुरपदाबाई : पहिल्यांदा ना? सोमवारी.

ऋतिका : पहिल्यांदा?

धुरपदाबाई : मंगळवारी आला. कालही आला. सव्वाआठलाच येतो. आपली गल्ली त्याला पहिली लागते.

ऋतिका : तीन दिवस! आणि आज गुरुवारी संध्याकाळी मी आपणहून कंपनीला फोन करते, की बाबांनो, दोन आठवडे झाले, माझे टायर कुठे अडकले, तर ती बाई मला सांगते, 'तीन वेळा येऊन गेलो, मॅडम, आता माल परत निघाला.' पुन्हा मागवायचे तर सहा दिवस. आत्या, उद्या चार वाजता धुळ्याहून आमच्या सायकलवाल्या अफिफाची जीप येणार आहे सायकल न्यायला. शनिवारी सकाळी आम्ही निघतोय. चार दिवस नुसते दगड आणि धूळ. कशावर चालवू मी? रिंगांवर?

धुरपदाबाई : हळू बोल गं. दिवा आत्ताच लावलाय.

ऋतिका : लॅबमध्ये मोबाईल कपाटात ठेवावा लागतो, म्हणून तुझा नंबर दिला होता. घरात माणूस आहे म्हणून दिला होता.

धुरपदाबाई : हो.

ऋतिका : सकाळी मौन, मान्य. नऊनंतर तर तोंड उघडतं ना? सोमवारी संध्याकाळी का नाही सांगितलंस? मी दुसऱ्या दिवशी उशिरा गेले असते कामावर. मंगळवारी आपण दोघी जेवायला बसलो होतो. कळण्याची भाकरी वाढलीस, आणि विचारलंस, 'ठेचा तिखट झाला का?' ठेच्याबद्दल बोललीस. टायरबद्दल एक अक्षर नाही.

(धुरपदाबाई दिव्याची वात पुढे सारते.)

ऋतिका : सकाळचे नऊ कधीच वाजून गेलेत, आत्या. संध्याकाळ झालीय. बोल.

धुरपदाबाई : काय बोलू?

ऋतिका : खरं ते बोल. तुला मी जायलाच नकोय.

धुरपदाबाई : हो.

ऋतिका : काय?

धुरपदाबाई : हो म्हटलं. दिवा लागलाय समोर, खोटं कशी बोलू? तो दारात उभा होता, हातात ते मोठं गोल पार्सल. मी पोथीची ओळ वाचत होते आणि मनात म्हणत होते, जाऊ दे परत. तोंड तेवढं बंद होतं गं. आत माझी बडबड चालली होती. काल तर त्याच्या गाडीचा आवाज आला, माझं अर्धंच पान राहिलं होतं, माळही आधीच झाली होती; तेवढं संपवून उठून त्याला आकडे शोधून देता आले असते. तर मी एक पान मागे उलटलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

ऋतिका : पान मागे उलटलंस.

धुरपदाबाई : देवाच्या पोथीचं.

ऋतिका : कमाल आहे तुझी. तू चिडून म्हणाली असतीस ना, 'ऋतिका, जायचं नाही', तर मी भांडले असते. तू चांगली नेमाआड जाऊन बसलीस. मला भांडताही येऊ नये.

धुरपदाबाई : बसले खरी.

ऋतिका : असं लगेच मान्य करू नकोस! मला रागावता तरी येऊ दे!

धुरपदाबाई : रागाव ना. मी कुठे नाही म्हणते? पण माझंही ऐक. गेल्या वर्षी त्या लळिंगच्या डोंगरावरून तुला जीपमध्ये घालून आणलं. खांद्याचं हाड मोडलेलं. दोन महिने तुझी वेणी मी घालत होते, घास मी भरवत होते. तू झोपेत कण्हायचीस आणि मी भिंतीकडे बघत बसायचे. आता पुन्हा तोच डोंगर म्हटल्यावर माझ्या मनात काय यावं?

ऋतिका : मी पडले कशाने, ते माहीत आहे तुला?

धुरपदाबाई : वेगाने.

ऋतिका : टायरने! पुढचा टायर घासून गुळगुळीत झाला होता. उतारावर मुरूम होता, चाक धरेना, सरकलं. म्हणून तर हे नवे मागवले. सहा महिने वाचतेय, बघतेय, लोकांना विचारतेय. मी पुन्हा पडू नये म्हणून मागवलेली वस्तू तू दारातून परत जाऊ दिलीस.

धुरपदाबाई : हे मला नव्हतं माहीत.

ऋतिका : विचारलंस कधी? 'काय गं ते चाकाचं खूळ' याच्यापुढे गेलीस कधी?

धुरपदाबाई : नाही गेले. माझंच चुकलं.

ऋतिका : मला तो उतार सायकलवर बसून उतरायचा आहे, आत्या. एकदाच. मागच्या वेळी सगळे खाली उभे होते आणि मी जीपच्या मागच्या सीटवर आडवी. मला रोज तेच दिसतं. आता अफिफाला कळवते, माझं नाव काढ म्हणून.

धुरपदाबाई : नको कळवू. चप्पल घाल.

ऋतिका : कशाला?

धुरपदाबाई : चांदभाईंचं दुकान आठपर्यंत उघडं असतं ना? चल. मी तुला शब्द देते, तुझ्या चाकांना टायर बसल्याशिवाय मी स्वस्थ बसायची नाही.

*

चांदभाई : या अक्का, या. आज दोघी? बेटा, तुझं तोंड का असं, हवा गेल्यासारखं?

ऋतिका : चांदचाचा, एकोणतीस इंचाच्या रिंगचे टायर हवेत. दगडाचे. आजच्या आज.

चांदभाई : मागवले होतेस ना तू?

ऋतिका : परत गेले. कसे ते विचारू नका.

धुरपदाबाई : माझ्यामुळे गेले, भाऊ.

चांदभाई : अच्छा. बसा आधी. स्टूल घ्या, त्याला ग्रीस नाही लागलेलं. हे बघ बेटा, एकोणतीसमध्ये माझ्याकडे हा एकच जोड आहे. शहराचा. डांबरावर लोण्यासारखा पळतो.

ऋतिका : आणि मुरमावर?

चांदभाई : अक्का, परातीत ज्वारी पसरा आणि वरून वाटी फिरवा. वाटी थांबते का? तसं.

ऋतिका : मग हा नको. तो वरचा?

चांदभाई : तो साडेसत्तावीसचा. तुझ्या रिंगला बसायचा नाही.

ऋतिका : तो कोपऱ्यातला? दाते तर चांगले दिसतात.

चांदभाई : दाते चांगलेत, रबर वाळलंय. चार वर्षं उन्हात टांगलेला होता. दाब बोटाने. बघ, चिरा पडू राहिल्या.

ऋतिका : म्हणजे अख्ख्या जळगावात एक जोड मिळणार नाही?

चांदभाई : शाळेच्या सायकलीचे मिळतील, दूधवाल्याचे मिळतील. तुझ्यासारखे डोंगरावर जाऊन पडणारे आहेत किती इथे? पाच. ते पाचही घरी बसून मागवतात आणि फक्त हवा भरायला माझ्याकडे येतात. बरं, तू मागवले होते कोणते? दाखव फोटो.

ऋतिका : हे. सगळीकडे लिहिलंय, कोरड्या दगडासाठी उत्तम. वजन फक्त साडेसहाशे ग्रॅम.

चांदभाई : हाच तर लोचा आहे. साडेसहाशे म्हणजे बाजूची भिंत पापडासारखी. शर्यतीवाल्याला ठीक आहे, दोन तासांत घरी. तुला चार दिवस फिरायचंय.

ऋतिका : चाचा, मी शेकडो लोकांची मतं वाचली आहेत.

चांदभाई : ती माणसं कुठल्या गावची? त्यांच्याकडे दगड असेल. दगडाच्या आडोशाला सराटा असतो का त्यांच्याकडे? माघ महिना आहे बेटा. सराट्याचे काटे वाळून खिळे झालेत.

धुरपदाबाई : सराटा वाईटच. चैत्रात देवीच्या गडावर चालत जाते मी दर वर्षी, भाऊ. अनवाणी. दगडाचं काही नाही. दगड दिसतो, पाय आपोआप बाजूला पडतो. सराटा दिसत नाही. आणि तळव्यालाही तो फार लागत नाही. तळवा चालून चालून जाड झालेला असतो. पायाच्या कडेला घुसतो. कड कोवळी असते.

चांदभाई : अक्का! हेच, अगदी हेच मी या पोरीला वर्षभर सांगू राहिलो. तळ सगळेच बघतात. टायर कडेने फाटतो. ऐकलंस?

ऋतिका : ऐकलं. आत्या, तू टायरबद्दल बोलतेयस.

धुरपदाबाई : मी पायाबद्दल बोलतेय.

चांदभाई : मग अक्का, गेले ते बरंच झालं म्हणा की. देवानेच परत पाठवले.

धुरपदाबाई : असं नका म्हणू, भाऊ. ते टायर हलके होते हे मला कुठे माहीत होतं? मी परत जाऊ दिले ते वेगळ्या मनाने. त्याचं श्रेय देवावर घालू नका.

चांदभाई : बरं, नाही घालत.

ऋतिका : श्रेयाचं नंतर बघा. मी शनिवारी काय करू? चाचा, कोणते हवेत ते तरी सांगा. मी रात्रभर फोन करते.

चांदभाई : पुढचा रुंद, रबर मऊ, कडेला उंच दाते. वळताना जमीन तोच धरतो. तू पडलीस ती पुढच्यानेच. मागचा जरा टणक चालेल, पण भिंत जाड पाहिजे. ओझं तो वाहतो, मार तो खातो. आत ट्यूब नाही टाकायची, ते दुधासारखं औषध ओतायचं. सराटा घुसला तरी भोक आपोआप बुजतं. आणि हवा कमी ठेवायची. तुम्ही पोरं दगड बघून हवा ठासून भरता, मग चाक चेंडूसारखं उडतं.

ऋतिका : असे टायर आहेत कोणाकडे?

चांदभाई : थांब. थांब जरा. पाचोऱ्याचा नवल. दोन वर्षांपूर्वी शर्यतीत उतरायचं म्हणून मोठा थाट केला होता त्याने. माझ्याच हाताने जोड मागवून दिला. मग कंबर धरली आणि सायकल विकली. टायर ठेवलेत. कपाटात, उन्हात नाहीत.

ऋतिका : लावा ना फोन!

चांदभाई : लावतो. हॅलो, नवलभाऊ? चांद बोलतोय जळगावहून. ते दोन टायर आहेत का अजून? आहेत? हात लावला नाही? नको नको, मला हेल्मेट नको. पंपही नको. अरे, घड्याळ नको बाबा, फक्त टायर. आपला हिशोब आपण करू. कधी मिळतील? हां. बरं. सांगतो. बेटा, 'शेतस ना भाऊ, दोन्ही शेतस,' म्हणतो. आहेत दोन्ही. पण सकाळी आठ ते साडेआठच. त्यानंतर तो कापसाच्या जिनिंगवर कामाला जातो, रात्री येतो.

ऋतिका : मला आठला लॅबमध्ये हजर व्हायचंय. शनिवार ते मंगळवार रजा घेतलीय, आता उद्याची मागितली तर साहेब कायमची देतील. चाचा, तुम्ही?

चांदभाई : उद्या जुम्मा. एकला दुकान बंद, तीनला उघडतो. तुझी जीप चारला. टायर बसवायचे, औषध ओतायचं, हवा धरते की नाही बघायचं. बारापर्यंत माल हातात आला तरच जमेल. सकाळी दुकान टाकून मी गेलो, तर मागून बसवणार कोण?

ऋतिका : संपलं म्हणजे.

धुरपदाबाई : मी जाते.

ऋतिका : आत्या, आठ ते साडेआठ. सकाळी.

धुरपदाबाई : ऐकलं मी.

ऋतिका : म्हणजे उद्या मौन सोडशील?

धुरपदाबाई : नाही.

ऋतिका : मग पहाटे तीनला उठून वाचून मोकळी हो.

धुरपदाबाई : सूर्याच्या आधी पोथी उघडायची नाही, असं बोलले होते मी. तू सहा वर्षांची होतीस. सोळा दिवस ताप उतरेना तुझा. तेव्हा बोलले होते.

ऋतिका : माहीत आहे गं. ऐकलंय मी शंभर वेळा. माझ्यासाठी धरलेल्या नेमाने माझेच टायर घालवले, आणि उद्या पुन्हा तेच होणार. तू नवलच्या दारात हात जोडून उभी राहशील, साडेआठ होतील, तो जिनिंगला जाईल, आणि तू संध्याकाळी मला विचारशील, ठेचा तिखट झाला का!

चांदभाई : बेटा.

ऋतिका : नाही चाचा, बोलू द्या मला.

धुरपदाबाई : बोलू द्या तिला. तिचा हक्क आहे.

ऋतिका : झालं माझं बोलून.

धुरपदाबाई : आता मी सांगू? नेमाने नाही घालवले तुझे टायर. मी घालवले. नेम माझा काही वाईट नाही, मी त्यात लबाडी केली. तो मोडून तुला त्या उतारावर पाठवायचं म्हणशील, तर माझा जीव धजायचा नाही. तो पाळून टायर आणायचे, एवढंच मला करू दे.

ऋतिका : बोलल्याशिवाय?

चांदभाई : खरं सांगू का? न बोलणारं माणूसच पाठवायला हवं नवलकडे. आत्ता ऐकलंस ना, टायर विचारले तर हेल्मेट, पंप, घड्याळ. समोरच्याने 'हां' म्हटलं की हा अर्धं घर गळ्यात घालतो. अक्का नुसत्या उभ्या राहिल्या तर घाबरून टायरच देईल.

धुरपदाबाई : टायर चांगला आहे हे ओळखायचं कसं, तेवढं शिकवा.

चांदभाई : इथे अंगठा ठेवा. कडेवर. दाबा. हा गेला ना आत लगेच? हा नको. आता हा मोटरसायकलचा दाबा. जाणवला ना फार टणक? आपल्याला या दोघांच्या मधलं पाहिजे, पण याच्याकडे झुकणारं. आणि वाकवून बघायचं, चीर दिसली तर सोडून यायचं. तसे त्याचे चांगलेच असतील.

धुरपदाबाई : पुन्हा एकदा दाबू द्या. हं. आता विसरायची नाही मी.

ऋतिका : आणि नाही मिळाले तर?

धुरपदाबाई : तर तसं स्पष्ट सांगेन. नऊ वाजल्यावर लगेच, लॅबच्या ऑफिसात फोन करून. संध्याकाळपर्यंत ठेवणार नाही.

*

ऋतिका : उठले मी. तुझ्या बांगड्या वाजल्या. पाच वाजताच आंघोळ झाली तुझी? शाल घे, बाहेर गारठा आहे. पोथी घेतलीस पिशवीत? बरं. आणि रिकामी पोतडी? टायर गोल असतात आत्या, पिशवीत मावत नाहीत, दोरीने बांधून आणावे लागतील. दोरी पण घेतलीस. बरं.

माझा राग गेलेला नाही, हे सांगून ठेवते. मान काय हलवतेस? खरंच नाही गेला. रात्री झोप नाही लागली. त्या पान उलटण्याचं राहून राहून मनात येतंय. तू हे दुसऱ्या कोणाला सांगितलंही नसतंस. मला सांगितलंस. म्हणून जास्त राग येतोय.

(धुरपदाबाई पदराच्या गाठीतून तीन चिठ्ठ्या काढून पुढे करते.)

ऋतिका : हे काय? कधी लिहिल्यास? ही कोणाची? 'पाचोरा. महिला, एक. मी नऊनंतर बोलते.' कंडक्टरसाठी! तो घरी जाऊन बायकोला सांगेल बघ.

आणि ही? 'नवलभाऊ, नमस्कार. चांदभाईंनी सांगितलेले दोन टायर द्यावेत. कड दाबून बघीन, राग मानू नये. बाकी काही नको.' 'बाकी काही नको' खाली दोन रेघा. हसू नकोस, मला अजून हसायचं नाहीये.

आणि ही तिसरी? हिच्यावर तर माझं नाव आहे.

'डब्यात दशम्या आहेत, खाऊन जा. उतारावर हवा कमी ठेव. आज मनातसुद्धा बोलणार नाही.'

आत्या.

जा तू. सहाची एसटी निघून जाईल. कडी मी लावते.